तंबू, छावणी आणि पाऊस

गेल्या वैशाखात आमच्या घरी एका खरेदीवरून बराच खल झाला. आम्ही दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर लोणंद ते फलटण एवढीच वाट चालतो. आई-अण्णा, आत्या, आम्ही दोघे भाऊ आणि आमची बायका-मुले अशी अकरा माणसे. आजवर भाड्याच्या तंबूत निभावले. त्याच्या आदल्या वर्षी मात्र तरडगावच्या मुक्कामी मध्यरात्री छताला पोट सुटले, तिथे साचलेले पाणी एकदम आत्याच्या अंथरुणावर आले, आणि उरलेली रात्र आम्ही एका शाळेच्या ओसरीवर बसून काढली. तेव्हा स्वतःचा तंबू घ्यायचा हे ठरले; कोणता घ्यायचा हे ठरेना. दादाचे म्हणणे, अकरा जण मावतील असा एकच मोठा, उभे राहता येईल असा घ्यावा; कुटुंब एका छताखाली असावे. अण्णांचे म्हणणे, तंबूची निवड तो उभा असताना करू नये, भिजून गुंडाळलेला असताना करावी.

अण्णांचे वाक्य तेव्हा हसण्यावारी गेले. पुढे एका वेगळ्याच निमित्ताने मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेविषयी वाचत असताना ते पुन्हा आठवले, आणि आमच्या घरातला वाद या भूमीत तीनशे वर्षांपूर्वी फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे असे ध्यानात आले. पावसाळ्यात कापडाच्या घराचे काय करायचे, या प्रश्नाला इथल्या इतिहासाने एकाहून अधिक उत्तरे दिली आहेत. त्यांचा मागोवा घेणे हा या लेखाचा हेतू.

पहिले उत्तर बादशाही आहे. अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त फराशखान्याचे, म्हणजे तंबूंच्या खात्याचे, तपशीलवार वर्णन केले आहे. त्यातला 'बारगाह' हा सर्वांत मोठा तंबू. त्यात दहा हजारांहून अधिक माणसे मावत. तो उभारायला एक हजार फराशांना यंत्रांच्या मदतीने आठवडा लागे. आणि जरीकाम, मखमल वगळून अगदी साधा केला तरी त्याला दहा हजार रुपयांहून अधिक खर्च येई. बादशहाच्या एका मुक्कामाचे सामान हलवायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० हमाल लागत. शिवाय सामानाचे दोन संच असत. बादशहा एका संचात राहात असताना दुसरा पुढच्या मुक्कामी रवाना होई. त्यामुळे बादशहाला रिकाम्या माळावर उतरावे लागत नसे. घर त्याच्या आधी पोचलेले असे. याच यादीत दहा खांबांवर उभारलेली 'चोबीन रावती' येते. त्यातली 'रावती' आणि आपली 'राहुटी' ही एकाच शब्दाची रूपे. दरबारी रावतीचे थाटमाट मागे ठेवून मराठीतली राहुटी शिपायाच्या आणि वारकऱ्याच्या खांद्यावर आली.

ही सारी यंत्रणा कोरड्या ऋतूतली होती. उत्तरेच्या मैदानात, दिल्ली-आग्र्याच्या वाटेवर, ती उत्तम चाले. औरंगजेब ती घेऊन दक्षिणेत उतरला आणि १६९५ ते १६९९ या काळात त्याने पंढरपूरच्या खाली भीमेकाठी ब्रह्मपुरीला, म्हणजे त्याच्या भाषेत इस्लामपुरीला, आपला मुख्य तळ ठेवला. तिथून १६९९ मध्ये तो मराठ्यांचे गड घ्यायला स्वतः बाहेर पडला. यानंतरच्या मोहिमांत मराठ्यांइतकाच पावसाने त्याला छळले. १७०० मध्ये सातारा आणि परळी हाती आल्यावर लष्कर माण नदीच्या काठी खवासपूरला पावसाळा काढण्यासाठी उतरले. नदी जवळजवळ कोरडी होती, आणि लष्कराचा काही भाग पात्राच्या वाळूवरच पसरला होता. ऑक्टोबरच्या आरंभी एका मध्यरात्री वरच्या डोंगरांत पाऊस झाला आणि नदीला अचानक लोंढा आला. माणसे, जनावरे, डेरे, सामान वाहून गेले. गलका ऐकून बादशहाला वाटले मराठेच चालून आले. घाईत उठताना तो अडखळून पडला, गुडघा निखळला, आणि पुढे आयुष्यभर तो लंगडत चालला. तैमूरलंगाचा वारसा आपल्याकडे आला, अशी दरबाऱ्यांनी त्याची समजूत घातली.

त्यानंतर दोन वर्षांनी, १७०२ च्या जूनमध्ये, विशाळगड घेऊन हे लष्कर परत फिरले. सह्याद्रीचा पाऊस सुरू झालेला होता. जदुनाथ सरकारांनी दिलेल्या हिशेबानुसार १० जूनपासून १७ जुलैपर्यंतच्या ३८ दिवसांत त्याने पन्हाळ्यापर्यंतची अवघी ३० मैलांची वाट कापली. भिजलेल्या तंबूचे वजन हा या कहाणीतला एक दुर्लक्षित भाग आहे. जाड सुती कापड पाणी पिते. कोरडे असताना एका उंटावर जाणारे सामान ओले झाल्यावर त्या उंटाला पेलत नाही. आणि उंट हे चिखलात पाय रोवणारे जनावर नव्हे. ज्या यंत्रणेचा सारा जोर 'पुढचे घर आधी पोचवणे' यावर होता, ती वाट बंद होताच कोसळली. एकच मोठा तंबू जितका भव्य, तितका पावसात हतबल, हे इथे पुरते स्पष्ट होते.

दुसरे उत्तर शिवकालीन आहे, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की त्यात तंबूला पावसाशी झुंजायला लावलेलेच नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत लष्कराचे वार्षिक चक्र सांगितले आहे. पावसाळ्यात लष्कराने आपल्या मुलखात छावणीला यावे. तिथे दाणा, वैरण, औषधे यांची तरतूद आधीच झालेली असावी. माणसांसाठी आणि घोड्यांसाठी गवताने शाकारलेली घरे तयार असावीत. आणि दसरा होताच कूच करावे. आठ महिने मुलूखगिरी, चार महिने छावणी. आज 'छावणी' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तंबूंच्या रांगा येतात. पण हा शब्द ज्या धातूवरून आला त्याचा मूळ अर्थ छप्पर घालणे, शाकारणे असा आहे. छावणी म्हणजे तंबू नव्हे. तंबू गुंडाळून छपराखाली जाणे म्हणजे छावणी. शब्दाचा अर्थ पुढे पार उलटला, आणि त्याबरोबर एक शहाणपणही विस्मरणात गेले.

शाकारलेल्या छपराचे धोके महाराजांना ठाऊक होते. चिपळूणजवळ हलवर्ण येथे पावसाळ्यासाठी उतरलेल्या घोडदळाच्या अंमलदारांना त्यांनी राज्याभिषेकाच्या सुमारास लिहिलेले पत्र मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये असा त्याचा सारांश आपण वर्षानुवर्षे वर्गात सांगतो. पण ते पत्र मुळात पावसाळी मुक्कामाच्या व्यवस्थेविषयी आहे. दाणागोटा आताच उधळलात तर ऐन पावसाळ्यात जनावरे उपाशी मरतील, मग तुम्ही रयतेला लुबाडाल, आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असा तो तर्क आहे. पुढे आगीचा इशारा येतो. कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, जळता दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, आणि सारे गवत भस्म होईल. राज्य उभारणारा माणूस दिव्याच्या वातीपर्यंत येऊन विचार करतो, कारण चार महिन्यांचे ते छप्पर गेले तर लष्कर उघड्यावर पडणार हे त्याला दिसते. पावसाळी निवाऱ्याची निवड म्हणजे केवळ वस्तूची निवड नव्हे. तरतूद, शिस्त आणि शेजाऱ्याशी वागण्याची रीत या तिन्ही गोष्टी त्यात येतात.

ही व्यवस्था एका अटीवर उभी होती. सभासदाच्याच म्हणण्याप्रमाणे लष्करात बायका बरोबर नेण्यास सक्त मनाई होती. शिपायाचे घर गावी होते. म्हणून तंबू हे त्याचे घर नव्हते, आणि पावसाळ्यात तो परत येऊ शकत होता. अठराव्या शतकात मोहिमा नर्मदेपलीकडे गेल्या, दसरा ते आषाढ या चक्रात मावेनाशा झाल्या, आणि छावणी परमुलखात पडू लागली. १७६० चा पावसाळा भाऊसाहेबांच्या लष्कराने दिल्लीच्या परिसरात काढला. यमुनेला पूर होता. पलीकडे अब्दाली, अलीकडे मराठे. पूर ओसरल्यावर ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ नदी ओलांडली आणि पानिपताची कोंडी सुरू झाली. त्या लष्करात लढणाऱ्यांखेरीज स्त्रिया, यात्रेकरू, बाजारबुणगे यांची प्रचंड संख्या होती. लष्कराचा तंबू आता कुटुंबाचा तंबू झाला होता. कुटुंब बरोबर असलेला माणूस तंबू सहज गुंडाळू शकत नाही, हे त्या मोहिमेचे एक दुःख आहे.

या बदलाचे बारकाईने केलेले चित्रण टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांत सापडते. १८०९ मध्ये तो इंग्रज वकिलाच्या रक्षकदलाबरोबर राजपुतान्यात दौलतराव शिंद्यांच्या लष्करात हिंडत होता. त्याची पत्रे १८१३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ते लष्कर म्हणजे एक फिरते शहर होते. मुक्काम हलला की आधी निशाण रोवून शिंद्यांच्या डेऱ्यांची जागा मुक्रर होई आणि त्यावरून प्रत्येक बाजाराची जागा ठरे. त्यामुळे शहर रोज नव्या माळावर उभे राहिले तरी त्याचे रस्ते तेच असत. या शहरातल्या दुकानदाराचे घर म्हणजे 'पाल'. दोन उभे बांबू, त्यांवर एक आडवा, आणि त्यावरून दोन्ही बाजूंना उतरलेले घोंगडे किंवा जाडेभरडे कापड. त्यात दुकान आणि त्यातच संसार. सरदारांचे डेरे आणि ही पाले एकाच पावसात उभी असत. फरक एवढाच, की सरदाराच्या डेऱ्याला दुहेरी छत, कनाती आणि मेखा सैल झाल्या तर रात्री उठून ठोकणारा फराश असे. पालातल्या माणसाला ते सारे स्वतःच करावे लागे.

आता तिसऱ्या उत्तराकडे यावे. ते याच शिंदेशाहीच्या वातावरणातून आले ही इतिहासातली मोठी लोभस गोष्ट आहे. पालखीची परंपरा तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केली असे मानले जाते. पण ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या स्वतंत्र सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप दिले ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हे गृहस्थ शिंद्यांच्या पदरी सरदार होते. अंकलीच्या शितोळे सरकारांनी सोहळ्याला घोडे आणि तंबू दिले. माउलींचा अश्व आणि पादुकांचा तंबू यांचा मान आजही त्या घराण्याकडे आहे. दिंड्यांचा ठरलेला क्रम, पुढे घोडा, तळावर कोणी कुठे उतरायचे याची पक्की मांडणी, चोपदाराने दंड उंचावताच पसरणारी शांतता, या साऱ्यात लष्करी शिस्त दिसते हे अभ्यासकांनी अनेकदा नोंदवले आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. लष्कराने ज्या महिन्यात तंबू गुंडाळावेत असे शिवकालीन शहाणपण सांगत होते, नेमक्या त्याच महिन्यात वारीने ते उघडले. ज्येष्ठ वद्य अष्टमीला पालखी आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. मान्सूनचे आगमन आणि वारीची वाटचाल ही बरोबरीने चालतात.

पावसाळ्यात तंबू घेऊन निघालेली बादशाही फौज चिखलात रुतली. पावसाळ्यातच निघणारी वारी मात्र वर्षानुवर्षे त्याच भीमेच्या खोऱ्यात उतरते आहे. यामागे भक्ती आहेच. पण केवळ भक्तीने तंबू उभा राहात नाही. वारीच्या तळाची रचना पाहिली तर उत्तर मिळते. पादुकांसाठी एक मोठा तंबू. बाकी सारा तळ लहान लहान राहुट्यांचा. त्या प्रत्येक दिंडीच्या स्वतंत्र असतात, चार-सहा माणसे अल्पावधीत त्या उभ्या करतात, एक पडली तरी शेजारची उभी असते, आणि पडलेल्या राहुटीतली माणसे शेजारच्या राहुटीत सरकून घेतात. बारगाह पडला की दरबार पडतो. राहुटी पडली तर फक्त थोडी दाटी होते. शिवाय या लष्कराला शाळेची ओसरी, देवळाचा सभामंडप, गावकऱ्यांची पडवी ही शाकारलेली छपरे वाटेवर उपलब्ध असतात, कारण वाटेवरचे गाव त्याला भीत नाही. वाट पाहात असते. हलवर्णच्या पत्रात महाराजांनी जी अट घातली होती, ती वारीने न सांगता पाळली.

आता कापडाविषयी. सुती जाड कापड भिजले की त्याचे धागे फुगतात, विणीतली छिद्रे बुजतात आणि पाणी वरून ओघळून जाते. पण आतून कोणी बोट लावले की त्या जागी ठिबक सुरू होते. म्हणून जुनी माणसे मुलांना तंबूला हात लावू देत नसत. सुती किंवा ताग-अंबाडीचे तणावे, म्हणजे तंबूचे दोर, भिजले की आखडतात. रात्री पाऊस येणार असे दिसले तर ते थोडे सैल करावे लागतात, नाहीतर ते मेखा उपटून काढतात. काळ्या मातीत ही आपत्ती लवकर येते, कारण ती भिजली की मेख धरत नाही. लांब मेख तिरकी ठोकावी लागते. तंबूभोवती चर खणून पाण्याला उताराकडे वाट द्यावी लागते. आजच्या कृत्रिम धाग्याच्या तंबूंना यातल्या बऱ्याच अडचणी नाहीत. त्यांचे दोर आखडत नाहीत, वजनही कमी. किती उंचीच्या पाण्याचा दाब कापड सोसेल हे मिलिमीटरमध्ये लिहिलेले असते. पण हे तंबू कापडापेक्षा शिवणीतून अधिक गळतात, म्हणून शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे ना ते पाहावे. तळाचे कापड वाटीसारखे चार बोटे वर वळवलेले असावे. आणि अकरा माणसांचा श्वास रात्रभर बंद कापडाआड कोंडला तर बाहेर पाऊस नसतानाही आत थेंब पडतात. म्हणून आतले कापड वेगळे, त्यावर हातभर अंतराने बाहेरचे आच्छादन, आणि वर हवेला वाट, ही दुहेरी रचना आवश्यक. सरदारांच्या डेऱ्याला दुहेरी छत असे, ते केवळ थाटासाठी नव्हे.

छताच्या आकाराचाही विचार करावा लागतो. मोठ्या तंबूचे सपाट छत हेच त्याचे वैरी. उतार कमी पडला की पाणी साचते, साचले की कापड खाली लोंबते, लोंबले की आणखी साचते. तरडगावला आमचे झाले ते हेच. पाल कितीही गरीब असले तरी त्याचा उतार तीव्र असतो. पावसाचे गणित ज्याला रोज सोडवावे लागते त्याने ते बरोबर सोडवले आहे.

शेवटी आम्ही एक मोठा तंबू न घेता तीव्र उताराच्या, दुहेरी कापडाच्या तीन राहुट्या घेतल्या, त्यांची दारे एकमेकांसमोर येतील अशा लावायचे ठरवले, आणि मध्ये बसण्या-जेवण्यापुरते एक साधे आच्छादन. एक माणूस एक ओली राहुटी उचलू शकतो, ही अण्णांची कसोटी दादाने मान्य केली. त्या आषाढात लोणंदला रात्रभर पाऊस झाला. आत्या कोरडी झोपली.

मात्र त्या रात्री मला झोप आली नाही. तळाच्या कडेला, रस्त्यापलीकडे, चार-पाच पाले होती. ती वारकऱ्यांची नव्हती. वारीत काहीबाही विकायला आलेल्या एका भटक्या कुटुंबाची होती. ब्रॉटनने पाहिलेली रचना तशीच, दोन उभे बांबू, एक आडवा. घोंगड्याच्या जागी जुने प्लास्टिक. मराठी साहित्यात हे पाल आतून दिसायला फार वर्षे जावी लागली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले आणि गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी समाजाचे जगणे आपल्या अभ्यासक्रमांत पोचले. आपण ते 'दलित-भटक्या जाणिवेचे साहित्य' या शीर्षकाखाली शिकवतो, आणि ते योग्यच आहे. पण छावणीच्या इतिहासाचा तो शेवटचा दुवाही आहे, हे आपण शिकवत नाही. बादशहाचा बारगाह संग्रहालयातल्या चित्रांत राहिला, सरदारांचे डेरे गेले, शिपाई आपापल्या गावच्या छपराखाली परतले. ज्यांना परतायला गाव नव्हते त्यांचे पाल तेवढे त्याच आकारात टिकून राहिले. शिवकाळाने पावसाळ्यातल्या लष्करासाठी शाकारलेली घरे राज्याची जबाबदारी मानली होती. या कुटुंबांच्या चार महिन्यांची जबाबदारी नेमकी कोणी मानली, याचे उत्तर मला कोणत्याही बखरीत सापडलेले नाही.

पहाटे पाऊस थांबला. पलीकडच्या पालातली एक बाई बाहेर येऊन छतावरचे पाणी काठीने खालून ढकलून देत होती. तिने तणाव्याला हात लावून पाहिला, मेखेवर दगड ठेवला, आणि आत गेली. आमच्या राहुट्या सोडवायला मला आणि दादाला त्यानंतर तासभर लागला.